डब्याखालचा शब्द

वसई,
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय लवू,

तुझा मोबाइल भाऊच्या धक्क्यावर पाण्यात पडला असं नेरिसाला कोणीतरी सांगितलं. बरं झालं. फोनवर मला आता काही ऐकू येत नाही. नेरिसा फोन स्वतःच्या कानाला लावते आणि "हो, पप्पा हो म्हणतात" असं परस्पर सांगून टाकते. मुलीच्या घरी राहिलं की बाप मुका होतो. म्हणून पत्र.

खुब्याचं हाड जुळायला फेब्रुवारी येईल असं डॉक्टर म्हणतात. तोवर डबा चाकांवर उभा राहिला तर नवे टायर एका जागी चपटे होतील आणि खालचे स्प्रिंगचे पाटे बसतील. वाडीतले लोक हसतात, पण बासष्ट सालची विलायती कॅरव्हॅन आहे ती. लग्नानंतर मी आणि मेबल तिच्यात निजून लोणावळा, गोराई, सगळीकडे फिरलो. तू तिच्यात फुकट राहतोस, तर एवढं एक काम नीट कर.

डबा उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, ठेवायचा. चार घोड्या घोडपदेवच्या गॅरेजमध्ये माझ्या नावाने ठेवलेल्या आहेत, त्या आण. भाड्याच्या नकोत. जी बाजू उचलणार तिच्या समोरच्या चाकाला दोन्हीकडून पाचर ठोक. नट आधी सैल कर, चाक हवेत गेल्यावर नाही. जॅक चेसीच्या लोखंडाखाली लाव. डब्याच्या चार कोपऱ्यांना जे पाय आहेत ते फक्त डुलू नये म्हणून आहेत, त्यांच्यावर वजन टाकलंस तर वाकतील. घोडीच्या पायाखाली जाड फळी घाल, अंगणातली फरशी पोकळ आहे. चाक फरशीपासून बोटभर सुटलं की बस, ते काढून ठेव. जास्त उंच करून कोणाला दाखवायचं आहे?

आणि एक. नुसत्या जॅकवर डबा असताना खाली हातसुद्धा घालायचा नाही. वस्तू पडली तर पडू दे.

झालं की लगेच लिही.

हर्बर्ट

•

माझगाव,
४ डिसेंबर

हर्बर्ट अंकल, नमस्कार.

मला आयुष्यात आलेलं हे पहिलं पत्र, आणि त्यातपण कामच सांगितलंय! पोस्टमनने दोनदा विचारलं, लवू म्हणजे तूच का. आडनाव तरी टाकायचं ना.

दोन दिवस उशीर झाला त्याचं कारण ऐका. घोड्या आणायला निघालो, भायखळ्याच्या भाजी मार्केटपाशी गाजराचा ट्रक अडकलेला, मागचं फाळकं उघडेना. मी जरा हात लावला. मग उतरवायलाच थांबलो. मग ड्रायव्हर म्हणाला नाशिकला चल, मी म्हटलं चल. इगतपुरीपर्यंत गेलो आणि आठवलं, अंकलचा डबा! परत आलो. लाकडाचे गुटके घ्यायला हार्डवेअरवाल्याकडे गेलो तर त्याने मला समोरच्या पानाच्या टपरीकडे बोट दाखवलं. माझं थोबाडच तसं असेल.

तर उजवी बाजू झाली. अगदी तुम्ही लिहिलं तसं. पाचर, फळ्या, सगळं. तुमची पाणसळ सापडली, ती पिवळी पट्टी, बुडबुड्याची. दारातल्या पायरीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये आला. मी खूश. चहा प्यायला गेलो, परत आलो तर बुडबुडा पलंगाच्या बाजूला. बघत बसलो तर हळूहळू दाराकडे आला. अंकल, शपथ, आत माणूस चालत असल्यासारखा. आत बघितलं, कोणी नाही. फरशी बसत असेल म्हणून फळी बदलली.

डावी बाजू राहिली ती वेगळ्याच कारणाने. दुपारी साडेतीनला जॅक लावला, थोडा उचलला, वाकडा वाटला म्हणून परत सोडायला स्क्रू सैल केला. तेवढ्यात कोणीतरी जवळूनच हाक मारली, "आर्याऽ". कोणाची तरी पोरगी हरवली वाटतं. शोधून देतो आणि मग उरलेलं करतो.

लवू

•

वसई,
९ डिसेंबर

लवू,

तुझं पत्र नेरिसाकडून दोनदा वाचून घेतलं, मग भिंग घेऊन स्वतः वाचलं.

डावी बाजू आहे तशी राहू दे. घोड्या लावल्या नसशील तर आधी त्या लाव. पोरगी शोधत फिरू नकोस.

मला नीट सांग. हाक "आर्या" अशीच होती का? मध्ये "रि" होता का? पुरुष की बाई? डब्याच्या आतून की खालून? आणि तू नेमका कोणता हात कुठे ठेवला होतास तेव्हा? अंदाजाने लिहू नकोस. गाजराबद्दल लिहू नकोस.

हर्बर्ट

•

माझगाव,
१४ डिसेंबर

हर्बर्ट अंकल,

गाजराबद्दल लिहीत नाही. पण पोरीचं सांगावं लागेल, कारण तुमचं पत्र यायच्या आत मी शोधून झालो होतो. वाडीत दोन आर्या. एक सात महिन्यांची, तिला कोणी अशी हाक मारणार नाही. दुसरी ट्यूशनला जाते, तिची आई मला म्हणाली, "तुला काय करायचंय रे माझ्या मुलीशी?" आणि झाडू घेऊन मागे आली. पलीकडच्या बिल्डिंगीत एक आर्या निघाली, तो कुत्रा. कोणीच हरवलेलं नाही.

मग मी डोकं चालवलं. तशी सवय नाही, पण चालवलं. डावीकडे आधी दोन घोड्या लावल्या, वजन त्यांच्यावर घेतलं आणि जॅक मोकळाच लावून बघितला. वर पंप केला, काही नाही. साडेतीनला स्क्रू सोडला, आवाज आला. सोमवारी केलं, आला. मंगळवारी सकाळी करून बघितलं, नाही आला. दुपारी आला. म्हणजे वेळ पण लागते आणि स्क्रू पण लागतो. बुधवारी मी जॅकला हात न लावता नुसता कठड्यावर बसून राहिलो, शेंगदाणे खात. आला नाही. पण जॅकचा दांडा आपोआप अर्धा फिरला. वारा नव्हता. शेंगदाण्याची सालं जागच्या जागी होती.

तुमची उत्तरं: पुरुष. "रि" आहे. "आ-रि-या". "र" जाड आहे. आतून की खालून ते कळत नाही, पत्र्यात घुमतो. माझा उजवा हात स्क्रूवर, डावा गुडघ्यावर.

आता तुम्ही सांगा. हा आरिया कोण आहे? झोपायला मी सध्या समोरच्या ओट्यावर जातो. घाबरलो नाहीये, तिथे हवा चांगली आहे.

लवू

•

वसई,
१९ डिसेंबर

लवू,

आरिया हे माणसाचं नाव नाही. डॉकातला शब्द आहे, जुन्या खलाशांचा. "हबेस" म्हणजे उचल. "आरिया" म्हणजे सोड, खाली घे. मी आणि गुणाजी बावीस वर्षं जहाजदुरुस्तीच्या एकाच टोळीत होतो, दिवसभर हेच दोन शब्द.

गुणाजीचं तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू डब्यात राहिला नसतास.

१९९४च्या जानेवारीतला रविवार होता. जेवण झाल्यावर तो घोडपदेवहून आला, दर वर्षी यायचा. आम्ही डबा उचलत होतो. डाव्या बाजूच्या घोडीखालची फळी तिरकी गेली म्हणून तो ती सरळ करायला खाली शिरला. वजन जॅकवर होतं. आम्ही दोघं जहाजं उचलणारी माणसं, एक डबा आमचं काय करणार, असं वाटलं.

खालचा माणूस हुकूम देतो. वरचा माणूस तोच शब्द मोठ्याने परत म्हणतो आणि मग हात हलवतो. ही डॉकाची रीत. गुणाजीने खालून शब्द दिला, मी नेहमीसारखा परत म्हटला आणि स्क्रू उघडला.

पोलिसांना मी सांगितलं, तो "आरिया" म्हणाला. त्याच्या बायकोला, रखमावहिनींना, सांगितलं. लोक म्हणाले, रविवारचा घेऊन आला असेल, तोंडातून उलटा शब्द गेला. मी नाही म्हटलं नाही. त्या दिवशी त्याने घोटभरही घेतली नव्हती. पण माझ्या कानात अजून तो शब्द आहे, "आरिया". रोज आहे. मी बहिरा झालो तरी तो ऐकू येतो. तरीही तीस वर्षं मला एकच भीती आहे, की फळी मोकळी करायची तर डबा वर घ्यावा लागतो. खाली सोडून फळी निघत नाही. मग गुणाजीसारखा माणूस "आरिया" का म्हणेल?

आता तू ऐकलास. म्हणजे तो तसं म्हणाला होता. हो ना?

लवू, मला खात्री पाहिजे. आवाज खालून येतो का एवढंच. चारही घोड्या नीट बसल्या आहेत ना बघ, काढलेली चाकं आडवी करून चेसीखाली सरकव, आणि साडेतीनला डाव्या बाजूने खाली जाऊन पड. पाच मिनिटं. डोकं चाकाकडे, तो तसाच पडला होता.

हर्बर्ट

•

(पोस्टकार्ड)

वसई, २० डिसेंबर

लवू, कालचं पत्र फाडून टाक. डब्याखाली जाऊ नकोस. मी म्हाताऱ्या माणसाच्या स्वार्थाने लिहिलं. घरी जा, आईकडे. ह.

•

माझगाव,
२४ डिसेंबर

हर्बर्ट अंकल,

पोस्टकार्ड आज सकाळी आलं. मी काल खाली जाऊन आलो. तुमचं टपाल पण माझ्यासारखंच, जिथे पोचायचं तिथे उशिरा.

वाडीत नाताळचे तारे लागलेत. तुमच्या ओट्यावर पोरांनी गोठा केलाय, त्यात मेंढ्या कमी पडल्या म्हणून एक प्लास्टिकचा डायनासोर उभा केलाय. हे मुद्दाम लिहितोय. पुढचं लिहायला हात होत नाहीये.

चार घोड्या होत्या. चाकं आडवी सरकवली. जॅक मी काढून पार वर डब्यातल्या कपाटात ठेवला, कपाटाला कडी घातली. मग खाली पडलो. पाठीला फरशी गार. नाकापासून वीतभरावर चेसी, तिच्यावर जुना हिरवा रंग. साडेतीनपर्यंत काहीच नव्हतं. पलीकडच्या घरात केकचा वास सुटला होता.

मग माझ्या डाव्या कानापाशी कोणीतरी श्वास घेतला. माणूस ओझं पेलून धरतो तेव्हा घेतो तसा. आणि हळू बोलला. अगदी कामातलं बोलणं, घाई नाही, भीती नाही. मी सगळी अक्षरं ऐकली.

"हबेस."

मी मानसुद्धा वळवली नाही. आणि मग वरून, जॅकच्या जागेवरून, जिथे आता जॅक नव्हता तिथून, मोठ्याने:

"आरियाऽ!"

डबा खाली आला. खरंच आला, अंकल. घोड्यांवरून तो कधी उचलला गेला ते कळलंच नाही. चेसी घोड्यांवर धाडकन बसली, कानठळ्या बसल्या. चार घोड्या नसत्या तर हे पत्र तुम्हाला कोणी लिहिलं नसतं. मी कसा बाहेर आलो माहीत नाही, कोपर सोललंय. कपाटाची कडी तशीच होती. आत जॅकचा स्क्रू उघडा होता आणि तेल वाहून खालच्या फळीपर्यंत आलं होतं.

खोटं लिहायचं ठरवलं होतं. लिहिलंपण होतं, "खालूनच आरिया आला, तुम्ही सुटलात." मग ते पाकिटात घालवेना. मी लहानपणापासून थापा मारतो, मास्तरांना, आईला, टीसीला. ही नाही मारता आली. तो किती शांतपणे बोलला हो. त्याला वाटलंच नव्हतं की वरचा माणूस चुकेल.

वरचा आवाज तुमचा होता. तो जाड "र" माझगावात तुमच्याशिवाय कोणाचा आहे? तुम्हाला इतकी वर्षं ऐकू येतो तो शब्द तुमचाच आहे, अंकल. तुम्ही परत म्हणताना चुकलात. आणि परत म्हटलेलंच लक्षात राहिलं.

रागावू नका. किंवा रागवा.

लवू

•

वसई,
४ जानेवारी २०२५

लवू,

तुझ्या पत्रावरच्या तारखेला आज अकरा दिवस झाले. नेरिसा विचारते, पत्रात काय आहे. मी तिला वाचू दिलं नाही.

तू खरं लिहिलंस. मी ते वाचायच्या आधीपासून मला माहीत होतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो. उत्तर मिळत नाही असं लिहिणार होतो. मिळतं.

सोबत दुसरा कागद आहे, तो रखमावहिनींचा. त्या घोडपदेवलाच असतात, गुणाजीच्या खोलीत. त्यांना वाचता येत नाही. तू वाचून दाखव. मध्ये दुसरं काही बोलू नकोस.

हर्बर्ट

*रखमावहिनी, हर्बर्टचा नमस्कार. गुणाजी प्यायलेला नव्हता. त्याने बरोबर शब्द दिला होता. "हबेस" म्हणाला. मी उलटा शब्द म्हटला आणि जॅक सोडला. चूक माझी. लोक त्याला बोलले तेव्हा मी गप्प बसलो, हीसुद्धा माझीच. तुम्ही पोलिसात जा, कोणाकडेही जा, मी हे सही करून देतो. माफी मागायला मला तोंड नाही. हर्बर्ट.*

•

घोडपदेव,
९ जानेवारी

हर्बर्ट अंकल,

या वेळी कुठेही न थांबता सरळ गेलो. रस्त्यात एक बँड वाजत होता, तरी.

रखमाकाकी म्हणजे कोण ते दारात गेल्यावर कळलं. अहो, ही तर आमची विटाबाय! लहानपणी आम्ही इथली पोरं तिला तेच म्हणायचो. कुठे जुनी चाळ पाडत असले की ही मुकादमाकडे जाऊन विटा मागते. चार विटा. जास्त दिल्या तरी घेत नाही. आणि मग चाळीतल्या पोरांना बोलावून खाट उचलायला लावते. मी पण एकदा उचललीय, चौथीत असताना, लिमलेटच्या गोळ्या मिळाल्या होत्या. तेव्हा वाटलं होतं पाणी भरतं म्हणून करत असेल. ही खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, अंकल. तेव्हा डोक्यातच आलं नाही.

तुमचा कागद वाचला. मध्ये काही बोललो नाही. ती ऐकत होती, हातात लसूण होता, सोलायची थांबली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "परत वाच रे झिला, तो शब्द हा ना, तेवढोच."

मी वाचला, "हबेस."

ती म्हणाली, "हां. ह्योच."

मग सांगायला लागली. गुणाजीकाका घरात पण तोच शब्द वापरायचे म्हणे, गादी उचलताना, हंडा उचलताना. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षापासून दुपारी ती आडवी झाली की डाव्या कानात येतो. "माका वाटला," ती म्हणाली, "त्या दिवशी तो उलटो शब्द म्हणालो, म्हणान आता मेल्यार खरो शब्द म्हणत रवता. चूक सुधारता बिचारो. आणि हबेस म्हणता म्हणजे उचलूक व्हया ना? मी काय उचलतलंय? ह्या खाटेशिवाय माझ्याकडे हा काय?"

म्हणून दर वर्षी चारी पायांखाली एकेक वीट. तीस झाल्या.

अंकल, मी मान वर करून बघितलं. विटांचे चार खांब आहेत, सिमेंट लावलेले, माझ्या डोक्याच्या वर गेलेले, आणि त्यांच्यावर खाट. माळ्याची शिडी लावून ती चढते. या वयात. मला म्हणाली, "बघ चढान." मी चढलो, आडवा पडलो. नाक आणि माळ्याची फळी यांच्यात वीतभर जागा आहे. डब्याखाली होती तेवढीच. तेवढीच, अंकल, मी हाताने मोजली. आणि यंदाच्या चार विटा कोपऱ्यात आणून ठेवलेल्या आहेत.

मी खाली उतरलो आणि म्हटलं, काकी, यंदा नको. ती म्हणाली, "तो म्हणता तवसर मी कशी थांबान? घोव माझो." पोलिसांचं विचारलं तर हसली. दात नाहीत, पण छान हसते. तुमच्यावर रागावली की नाही ते मला कळलं नाही. निघताना शिडीला धरून उभी राहिली आणि निरोप दिला. तिच्याच शब्दांत लिहितो:

"त्या हर्बर्टाक इचार, चढवतत हबेस म्हणान, सोडतत आरिया म्हणान. मगे थांबवूचा असला तर डॉकात काय म्हणतत? माझ्या घोवान ता माका कधी शिकवल्यान नाय."

लवू

•

(पोस्टकार्ड)

वसई, १३ जानेवारी

लवू, थांबवण्याचा शब्द साधा आहे, पण कागदावर लिहून उपयोग नाही. ज्याचा हात वर असतो त्यानेच तो म्हणायचा असतो, खालच्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. नेरिसा नको म्हणते. मला ऐकू येत नाही. तो म्हणायला मी शनिवारी दुपारी साडेतीनच्या आत घोडपदेवला पोचतो. कुबड्या आहेत, दोन मजले चढायचे आहेत, नाक्यावर उभा राहा. आणि तोवर वहिनींना त्या खाटेवर पडू देऊ नकोस. वीट तर अजिबात नाही. हर्बर्ट